बॉक्समध्ये बसून

बाबा, रविवारी आईने स्वयंपाकघरात बसून माझा बॉक्स उघडला, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. माझा बॉक्स तुमच्या बॉक्ससारखा पुठ्ठ्याचा नाही. आम्ही काही जणांनी मिळून एक कंपायलर केलाय. माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो नखाएवढ्या चिपला कळेल अशा सूचनांमध्ये उतरवून देतो. अशी चिप वॉशिंग मशीनमध्ये असते, तुम्ही बनवायचात त्या पंपाच्या पॅनलमध्येही आता असती. आमची भाषा फंक्शनल जातीची, म्हणजे छोटी छोटी फंक्शनं एकात एक बसवत जायची. तुम्हाला आवडली असती. पण ती आपल्या कॉम्प्युटरवर घेतानाच लोकांची वाट लागायची. आधी हे आणा, मग ते आणा. कंटाळून सोडून द्यायचे बिचारे. सगळं एका पॅकेजमध्ये बांधून द्यायचं काम मी मागून घेतलं. पॅकिंग आपल्या घरातलंच ना!

साकीनाक्याच्या गाळ्यातून पॅनल कोकणातल्या कुठल्याशा गावी निघण्याआधी तुम्ही ते घरी आणायचात. आईने गाळ्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. ती कणकेचे हात धुऊन लादीवर बसते, बॉक्स फोडते, आतल्या कागदावर बघत पॅनल फळीवर बसवायला घेते. तिने एक जरी प्रश्न विचारला तरी बॉक्स परत. "भोकं चार, मग स्क्रू तीनच कसे?" असं ती म्हणाली की तुम्ही लॉटरी लागल्यासारखे ओरडता, "सापडली!" चूक घरातच सापडल्याचा एवढा आनंद मी नंतर कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही. एकदा ती अडली म्हणून मी हळूच स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तर केवढे तापलात! "तू काय त्या बॉक्समध्ये बसून जाणार आहेस?"

तर रविवारी कोरा लॅपटॉप, चिपचा छोटा बोर्ड, एक कागद आणि आई. माझ्या मशीनवर सगळं झकास चालत होतं. आईने चष्मा लावून कागदावरची ओळ एकेक अक्षर शोधत टाइप केली आणि थांबली. "काय गो, ह्या कायतरी मागता." चिपमध्ये प्रोग्राम भरणारं अवजारच मी पॅकेजमध्ये घातलं नव्हतं. माझ्या मशीनवर ते इतकी वर्षं पडलेलं, की सगळ्यांकडे असतंच असं मी धरून चालले होते. हात कीबोर्डकडे निघाला होता, बाबा. तो मांडीखाली दाबला आणि ओरडले, "सापडली!" आई दचकली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

अवजार आत घातलं, लॅपटॉप पुन्हा कोरा केला आणि संध्याकाळी परत तिच्यापुढे ठेवला. या वेळी तिने काहीच विचारलं नाही. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. "गो, पेटलो मेलो!" म्हणत तिने शेजारच्या काकूंना हाका मारून बोलावलं, आणि त्यांना तो दिवा स्वतः बनवल्यासारखा दाखवला. मला पहिल्या नोकरीचाही इतका आनंद झाला नव्हता. पॅकेज आता लोकांसाठी खुलं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. दुसऱ्या वेळी आईने केबल उलटी धरली होती. तिने विचारलं नाही हे खरं, पण मी खोकले आणि तिने ती फिरवली. तेवढी मी बॉक्समध्ये बसून गेले, बाबा.