खालून दुसरी फळी

प्रिय किड्या,

हे नाव लिहिताना पेन दोनदा अडलं. पाकिटावर तुझं शाळेतलं भारदस्त नाव घातलं आहे, पण आतमध्ये ते लिहवेना. सदान्‌कदा पुस्तकं कुरतडायचास म्हणून मी तुला किडा म्हणायचे आणि माझं बूड एका जागी टेकत नाही म्हणून तू मला मुंगी. हल्ली आपण फोनवर ‘बरं आहे ना’, ‘हो, बरं आहे’ एवढं बोलतो आणि कधी एकदा फोन ठेवतो असं दोघांनाही होऊन जातं. मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून हे पत्र. पाकीट फोडून उभ्या उभ्या वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. आज तसं करू नकोस. बस कुठेतरी.

गेलं वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी जुन्या फर्निचरची दुकानं पालथी घालत होते. आपलं अक्रोडाचं पुस्तकांचं कपाट शोधत होते. दचकू नकोस, घरी आणायला नाही. ते मला डोळ्यांसमोरसुद्धा नको. पण ते कुणाच्या तरी घरात उभं असणार, आणि तुझ्या दादानं, भावजींनी, ते विकलं तेव्हा घेणाऱ्याला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. ते जिथे असेल तिथे भिंतीला बांधलेलं असावं आणि नसेल तर निदान त्या घरात लहान मूल नसावं, एवढं मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तोवर जीव नुसता टांगणीला लागला होता.

हे खूळ डोक्यात शिरायला कारण झाली आमच्या लॅबमधली नवी मुलगी. हो, मी अजून तिथेच आहे. तीच खुर्ची, तेच प्लॅस्टर, लोकांच्या कवळ्या घासून घासून नखं तशीच पांढरी. तिनं नवीन घर घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर हॉलचे फोटो दाखवायला लागली. पडदे झाले, दिवे झाले, आणि मग एक कपाट आलं. निमुळते तिरपे पाय, अंगानं उथळ, लाकडात त्या तपकिरी लाटा. आपलं नव्हतं, त्याला दारं होती. पण त्याच्यापुढे तिच्या बहिणीचं बाळ बसलं होतं, दोन्ही हात वर करून. बाकीच्या सगळ्या अय्या किती गोड, अय्या किती गोड करत होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि परत येऊन एका म्हाताऱ्याची कवळी पुरी केली. पहिल्या सुट्टीला मी फर्निचरच्या गल्लीत होते.

तुला ठाऊक नसेल, आपल्या कपाटाला आता फार मान आलाय. त्याला विंटेज म्हणतात, मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात. म्हणजे आपल्या आज्या नव्या नवऱ्या होत्या तेव्हाचं सामान, पण असं सरळ सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल ना! दुकानदार आधी पॉलिश दाखवतात, मग पाय, मग परदेशी कारागिरांच्या गोष्टी. मी ऐकतच नाही. सरळ जमिनीवर फतकल मारते, खालून दुसऱ्या फळीच्या कडेखाली बोटं घालते आणि डोळे मिटते. त्यांना वाटतं बाई मोठी दर्दी आहे, लाकडाचे सांधे तपासते. एकानं तर चहा पाजून विचारलं, माल पारखायला याल का आमच्याकडे. उठताना मी कपाटाच्या वरच्या कडेला हात लावून ते जरा पुढे ओढून बघते. त्या नाजूक पायांवर ती सगळी कशी झुकतात, काही विचारू नकोस. मग जे कोणी गिऱ्हाईक समोर असेल त्याला सांगते, घरी नेलंत की पहिल्यांदा भिंतीला आवळा, पुस्तकं मागाहून. त्या गल्लीत आता मला भिंतवाली म्हणतात. आली बघा भिंतवाली, आता धंद्याची वाट लावणार, असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. म्हणू दे मेल्याला.

आपण ते आणलं तेव्हा मला सातवा महिना होता. त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं घर रिकामं होत होतं आणि तू कपाटावरून असा हात फिरवत होतास की मला सवतच वाटली ती. जिन्यातून चढवताना तू हमालांच्या पुढे उलटा चालत होतास, जपून, जपून म्हणत. मागून मी पोट सांभाळत धापा टाकत येत होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग तुझं पुस्तकं लावणं सुरू झालं. आधी विषयवार लावलीस, मग उंचीप्रमाणे, मग सगळी काढून पुन्हा विषयवार. आणि तो रांगायला लागल्याबरोबर कपाट तुझं राहिलंच नाही. तो पहिल्यांदा उभा राहिला तो त्यालाच धरून. दात येताना आपण आणलेली रबरी खेळणी भिरकावून देऊन त्यानं चावायला निवडली ती खालून दुसरी फळी, बरोब्बर त्याच्या तोंडाच्या उंचीची. तुझ्या लाडक्या लाकडाला खाचा पडल्या, मला वाटलं आता तू चिडणार, तर तू हसत सुटलास. अक्रोड म्हटल्यावर खार येणारच, म्हणालास. तेव्हापासून तो आपला खारू. किडा, मुंगी आणि खार. आई म्हणायची, घर आहे की जंगल.

त्या खाचा मी आंधळी झाले तरी ओळखीन. माझं पोटच दातांवर चालतं. त्याचे खालचे दोन दात, त्यातला डावा जरा आत वळलेला. त्यांच्या खुणा फळीच्या खालच्या अंगाला, आणि वरचे दात उशिरा आले त्यांच्या वरच्या अंगाला. मध्ये एका पॉलिश करणाऱ्या बाईनं मला सांगितलं की असल्या खुणा ते लोक ठेवतच नाहीत. उंदरानं कुरतडलंय म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, मग घासायचं, भुसा सरसात कालवून भरायचा आणि वरून पॉलिश मारायचं. उंदीर! माझ्या तोंडचं पाणी पळालं. खुणा बुजल्या असतील तर ते कपाट कुणाच्याही घरात शहाण्यासारखं उभं राहील आणि मी त्याच्या शेजारून निघून जाईन. माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, पण ती म्हणाली, खालच्या अंगाला कोण घासत बसतंय बाई, ते दिसतं कुणाला. त्या एका वाक्यावर मी पुढचे महिने काढले.

आता जे आपण दोघंही बोलत नाही ते लिहिते. कपाट भिंतीला बांधायचं आपलं ठरलं होतं. त्यानं पुस्तकं ओढून काढून फळीवर पहिला पाय ठेवला तेव्हाच ठरलं. तू ड्रिल मशीन आणलंस, लोखंडी पट्ट्या आणल्यास. घरमालक भिंतीला भोक पाडू देईना, त्याची मनधरणी झाली, तो हो म्हणाला, आणि मग तू म्हणालास, रविवारी करतो. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी तुझे पेपर तपासायचे राहिले होते. आणि मग तो गुरुवार आला. मी लॅबमध्ये, तू आतल्या खोलीत पेपर तपासत, आणि खारू झोपला आहे असं तुला वाटत होतं. वरच्या फळीवर त्याची लाल गाडी राहिली होती. शिडी चढावी तसा चढला असणार. ते भरलेलं कपाट तू एकट्यानं उचललंस. नंतर सरळ करायला चौघं लागले म्हणे. तुझा खांदा तेव्हाच गेला, अजून दुखतो ना? दवाखान्यातून आपण दोघंच परत आलो.

आपण येईपर्यंत भावजींनी आणि जाऊबाईंनी हॉल धुऊन पुसून घेतला होता आणि कपाट कुठल्याशा टेम्पोत घालून पाठवून दिलं होतं. आपल्या नजरेला पडू नये म्हणून. त्यांचा हेतू चांगलाच होता, मी त्यांना कधी शब्दानं बोलले नाही. तुलाही नाही बोलले. आई बोलली, शेजारपाजारचे बोलले, मी मात्र तोंड शिवल्यासारखी. तू वाट बघायचास, मी एकदा तरी ओरडेन, भांडी आपटेन. मग तू बदली मागून घेतलीस. तुझ्या खोलीवर एकही पुस्तक नाही असं भावजी सांगत होते. ते ऐकून मला बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. राग आहे रे माझा तुझ्यावर. भाजी चिरताना येतो, बसची वाट बघताना येतो. आणि त्याच वेळी तुझ्या खांद्याला कोण शेकतं, असंही मनात येतं. याला काय म्हणायचं ते तू सांग, मास्तर तू आहेस.

गेल्या सुट्टीच्या दिवशी दोरीला चष्मा बांधलेल्या एका दुकानदारानं सांगितलं, अगदी असंच एक मागच्या महिन्यात त्याच्याकडून गेलं. ते लोक मला विकतील आणि मधल्यामध्ये आपली दलाली सुटेल, या आशेनं त्यानं पत्ता दिला. मी तडक गेले. तिसरा मजला. दार उघडलं एका तरुण बाईनं, डोक्याला ओला टॉवेल. काय सांगायचं ते मी ठरवलंही नव्हतं, तोंडातून निघालं की तुमच्याकडचं कपाट पूर्वी आमचं होतं. ती तर खूशच झाली. या ना, या ना करत आत घेऊन गेली. आणि किड्या, ते तिथे होतं. खिडकीशेजारी, भिंतीला न बांधलेलं, वर कुंड्या आणि फुलदाण्या. आणि खालून दुसऱ्या फळीला धरून एक पोरगी उभी होती, वर्षाचीही नसेल, फळीची कड तोंडात धरून.

मी चपलांसकट धावले आणि तिला उचललं. उचलल्यावर भान आलं की ही परक्याची पोर. तिची आई हसत होती, सगळं तोंडात घालते हो, म्हणत होती. पोर तिच्याकडे देऊन मी खाली बसले आणि फळीखाली बोटं घातली. होत्या. दोन. डावी जरा आत वळलेली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही, फक्त हात तिथून काढवेना. आणि काय सांगू, त्या बाईला त्या खुणा माहीत होत्या! दुकानदार भरून देतो म्हणत होता, पण यांनीच नको म्हटलं. आधीच्या घरी बाळ होतं म्हणजे कपाट लेकुरवाळं आहे, म्हणूनच तर इतक्या कपाटांतून हेच घेतलं, असं ती मला कौतुकानं सांगत होती. मग तिनं विचारलं, तुमचं ते बाळ आता केवढं झालं? मी म्हटलं, शाळेत जायच्या वयाचा. हे खोटं नाही ना रे?

खरं सांगावं असं दहादा जिभेवर आलं आणि गिळलं. सांगितलं असतं तर त्यांनी ते त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं असतं, भावजींसारखंच, आणि ते पुन्हा घासूनपुसून तिसऱ्याच कुणाच्या घरी गेलं असतं. विकता का, असंही विचारून बघितलं. ती मुळीच नाही म्हणाली. आणि हो म्हणाली असती तरी मी काय करणार होते? जाळायला माझा हात उठला नसता, त्यावर त्याचे दात आहेत. म्हणून मग मी भिंतवाली झाले. वरच्या कडेला हात लावून कपाट जरासंच पुढे ओढून दाखवलं. एक कुंडी घरंगळली, ती तेवढ्यात आतून आलेल्या तिच्या नवऱ्यानं कशीबशी झेलली आणि दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले. माझ्यादेखत त्यांनी सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या आणि आम्ही तिघांनी मिळून कपाट जमिनीवर उताणं निजवलं. ते झाल्यावरच मी त्यांच्याकडचं पाणी प्याले.

तो नवरा म्हणाला, उद्याच सुताराला बोलावतो. माझ्या तोंडून निघून गेलं, सुतार नको, माझे मिस्टर येतील. कधी, असं त्यानं विचारलं आणि मी म्हणाले, रविवारी. तो शब्द मी तीन वर्षांत उच्चारला नव्हता. हे पत्र त्यासाठी आहे. ड्रिल मशीन माळ्यावर आहे, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही, पट्ट्या आणि स्क्रू त्याच्याच शेजारी आहेत. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते मला जमलेलं नाही आणि जमेल की नाही ते माहीत नाही. पण हे काम तुझं आहे, त्याला दुसऱ्या कुणाचा हात मी लागू देणार नाही. मी कपाट धरीन, तू भोक पाड. पोरीला तिची आई धरील. खांदा दुखला तर मध्ये थांबू, घाई नाही. पण ये तो या रविवारी. पुढच्या नाही.

तुझीच,
मुंगी