विनयचा हात

बुधवार रात्र, डमडम

मेंदूज्वरानंतर विनयला नवीन काहीच लक्षात राहत नाही. पुण्याला सासूबाई वारल्या, हेही नाही. रोज विचारतो, "आई कशी आहे?" इथे कोलकात्यात सांगणारं दुसरं आहे कोण? मीच शेजारी बसून, त्याचा हात हातात घेऊन खरं सांगते. तो रडतो, मग विसरतो.

आज सहज हात धरला, तर त्याने तो झटकन मागे घेतला.

"काय झालं रे?"

"माहीत नाही. तू हात धरलास की भीती वाटते."

म्हणजे बातमी पुसली जाते आणि भीती तेवढी उरते? माझी?

जेवताना त्याने पुन्हा विचारलं. मी लांबूनच म्हटलं, "बऱ्या आहेत."

"मग उद्या फोन करू," म्हणत त्याने आणखी भात मागितला. मी वाढला, त्याला हात न लागू देता.