जहाजाच्या यादीतलं नाव

दिनांक ९, मंगळवार

चि. बटण्यास,

आजीचा आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. दर वेळी मी सांगते आणि तुझी मावशी लिहिते, आज मीच लिहायला बसलेय. चौथी नापासाचं अक्षर आहे, सवडीने लाव. मावशीला यातलं काही ठाऊक नाही आणि तूही कळवायचं नाहीस.

मी बरी आहे. लाँड्रीतलं एक मशीन बंद पडलंय, म्हणून इस्पितळाच्या निम्म्या चादरी हातानेच पिळतो. मुकादमीण बडबडते, मीही बडबडते, तोवर चादरी वाळतात.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहाटे साडेचारला शिट्टी, थंड पाण्याची बादली, तीन मिनिटांत दाढी. मिशी धड फुटली नाही अजून, दाढी कसली करतोस रे? पण चादरीला सुरकुती दिसली म्हणून उस्तादाने अख्खी खोली मैदानावर पळवली, हे वाचून माझंच डोकं फिरलं. चाळीस वर्षं चादरींत हात घातलेल्या बाईचा नातू तू! कोपरा आधी दाब, मग गादीखाली सार, मग वरून ओढ. तू आधी ओढत असशील. उस्तादालाही सांग, आजी म्हणाली म्हणून. नको, सांगू नकोस. परत पळवील.

शेजारच्या खाटेवरच्या लांबूचं वाचून एकटीच हसले. एवढा बावीस वर्षांचा घोडा आणि कवायतीत डावा-उजवा कळत नाही! तू खूण म्हणून त्याच्या डाव्या मनगटाला दोरा बांधलास, तर पठ्ठ्याने आंघोळीला सोडला आणि उजव्याला बांधून आला. सगळी रांग इकडे, हा एकटा तिकडे. असल्याला त्याच्या आईने पाठवलं तरी कसं?

इथे ऊन बरं पडतंय. तुझे जुने बूट चांभाराकडे टाकलेत. तळवे बदलतो म्हणाला.

शेवटच्या पानावर तू लिहिलंस, "जहाजाच्या यादीतून माझं नाव गेलं. कारण कुणी सांगत नाही. माझ्या जागी लांबू चाललाय. आजी, मी कुठे कमी पडलो गं?" आणि आता सगळे झोपले की तू एकटाच जादा धावतोस म्हणे.

धावू नकोस. तू कुठे कमी पडला नाहीस.

मागच्या महिन्यात छावणीच्या कचेरीतून मला एक कागद आला होता. सगळ्यांच्या घरी जातो म्हणे. घरचं माणूस अंथरुणाला असेल आणि बघायला दुसरं कुणी नसेल, तर पोराला समुद्रापार लढाईवर धाडत नाहीत. आठ दिवस मी तो पिठाच्या डब्याखाली ठेवला. मग भरला. गुडघे गेले, उभं राहवत नाही, नातवाशिवाय कुणी नाही, असं लिहिलं. मावशीला जिवंतपणी पुसून टाकली. इस्पितळातल्या डॉक्टरने शिक्का दिला. त्याचे कोट मीच इस्त्री करते, उभ्याने. "आजी, नक्की ना?" म्हणाला. म्हटलं, "कॉलर कडक लागते ना तुम्हाला? मग शिक्का मारा."

मला वाटलं, तुझं नाव काढलं की तिथे जागा मोकळी राहील. बस, एवढंच. त्या जागी कुणी दुसरं जाईल हे डोक्यातच आलं नाही. आणि जन्मभर बघतेय मी, इस्पितळात खाट रिकामी झाली की तासाभरात दुसरा येऊन पडतो. चादर मीच बदलते.

आता मला काही सुधरत नाही. इस्त्री फिरवताना एक ठरवते, घडी घालेपर्यंत दुसरंच ठरलेलं असतं. त्या लांबूला मी पाहिलेलंही नाही. तू त्याच्याबद्दल लिहायलाच नको होतंस. काल दोन कोट करपले माझ्या हातून.

कचेरीत फोन केला होता. साहेब म्हणाला, वीस तारखेपर्यंत मागे घेता येईल, साध्या कागदावर लिहून नातवाच्या हाती द्या. "पण एकदाच हं आजी, मग रडत यायचं नाही." म्हटलं, "रडायचं ते माझं मी बघीन."

तो कागद सोबत आहे. खोटं लिहिलं होतं असं लिहून खाली सही केलीय. कचेरीत द्यायचा की फाडायचा, हे तुझ्या गळ्यात घालतेय. भित्री म्हण हवं तर. दिलास तर मी एक शब्द बोलणार नाही. फाडायचा असेल तर आधी लांबूला समोर बसवून सगळं सांग, मग फाड. त्याच्या पाठीमागे नाही. पाठीमागचं माझं करून झालंय.

मला काय हवंय ते मात्र विचारू नकोस. ते मी पहिल्या कागदावर लिहून बसलेय.

दोन्ही पायांवर धड उभी,
तुझी आजी