मागच्या चाकांच्या स्प्रिंगा

बाबा, आपल्या घरापुढच्या खळ्यात आज एक लाल मोटार उभी आहे. तुमच्या नातवाची, म्हणजे आपल्या धाकट्याच्या मुलाची. पुण्याहून आला आणि चहा घ्यायच्या आधी जॅक लावून मागचं चाक काढून बसला. मी पडवीत, माझ्या चाकाच्या खुर्चीत. मला म्हणाला, "आत्ये, ही बघ गंमत. कंपनीची स्प्रिंग काढून ही वेगळी बसवून घेतली. खाली आट्यांची चकती आहे ना, ती फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली. मऊ-कडक हवी तशी." मी म्हटलं, "बरी आहे." एवढंच म्हटलं आणि खुर्ची वळवून आत आले, हा कागद लिहायला घेतला. पोरगा हुशार आहे, पण हेच काम त्याच्या आजोबांनी याच खळ्यात केलं होतं, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असणार तरी कसं? आपल्या घरात तो विषय कोणी काढत नाही. तुमच्या तोंडावर कधी कोणी काढला नाही आणि तुम्ही गेल्यावर माझ्या तोंडावर काढत नाहीत.

साठ साल नुकतंच उलटलं होतं, मी सतरा वर्षांची होते. जामसंड्यात मोटारीचं काही बिघडलं की लोक तुमच्याकडे यायचे आणि आंब्याच्या दिवसांत तर लॉऱ्यांची रांग आपल्या विहिरीपर्यंत लागायची. तुमची एक खोड होती. मोटारीच्या कमानी, म्हणजे एकावर एक पाटे रचलेल्या स्प्रिंगा, बसवल्या की शेवटचे बोल्ट तुम्ही रिकाम्या गाडीवर कधी आवळत नसा. आधी गाडीत माल भरायला लावायचात, माल नसला तर रस्त्याने जाणाऱ्या चार माणसांना हाका मारून आत बसवायचात, आणि मग खाली सरपटत जाऊन पाना फिरवायचात. एकदा शाळेतून येताना मी हसले, तर चारचौघांत मला झापलंत. "हसतंस काय? रिकाम्या गाडीर आवळलेला बोल्ट म्हणजे उपाशी माणसाचा माप घेवन शिवलेलो सदरो. जेवलो की फाटलो." माणसं खो खो हसली. मला राग आला होता, पण ते वाक्य मी विसरले नाही.

त्याच वर्षी माझ्या पाठीत कळ यायला लागली. आधी आईने तेल चोळलं, मग शेक दिला, मग देवळात जाऊन कौल लावला. शेवटी देवगडच्या डॉक्टरांनी पाठीच्या मधोमध बोट दाबलं आणि मी किंचाळले. क्षय मणक्यात गेला होता. डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन बोलले, पण दार उघडं होतं. मणका आतून कुरतडला गेलाय, मोठा हिसका बसला तर पाय जातील. पावसाच्या आत कोल्हापूरला न्या, पण झोपवून न्या, एसटीत बसवू नका. तिथे दहा-बारा महिने प्लास्टरमध्ये ठेवतील आणि मग पोरगी चालती होईल. तुम्ही फक्त एक विचारलंत, "हिसको बसूक नको, इतक्याच मां?" डॉक्टर हो म्हणाले. तुमच्या चेहऱ्यावर मला चक्क हायसं वाटलेलं दिसलं. मणक्यातलं तुम्हाला काही कळत नव्हतं, पण हिसका हा तुमच्या धंद्यातला विषय होता.

एका आंबेवाल्याची जुनी इंग्रजी मोटार तुम्ही मागून आणलीत. मागच्या कमानींतले दोन-दोन पाटे काढलेत आणि एका ओळखीच्या लॉरीवाल्याने मुंबईच्या भंगारातून आणलेल्या दोन गोल स्प्रिंगा आसावर उभ्या केल्यात. खाली आट्यांची जाड चकती कणकवलीच्या लेथवरून करून आणलीत. अशी चकती तुम्ही कुठे पाहिली होती देव जाणे. बहुतेक कुठेच नाही. दोन्ही बाजूंची उंची सारखी राहावी म्हणून माडाच्या झावळीतली एक काडी, हीर, नखाने खुणावून मोडलात आणि तोच हीर मडगार्डखाली इकडून तिकडून लावून बघायचात. मागच्या सीटवर फळी, फळीवर गादी, गादीवर मी आणि पायथ्याशी आई. आम्ही आत असतानाच तुम्ही गाडीखाली जायचात, कारण बोल्ट भरल्या गाडीवरच आवळायचे. मी वर आडवी पडून खाली तुमचा पाना वाजताना ऐकायची.

पहिल्या दिवशी तुम्ही आईच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिलात आणि गाडी खाडीच्या उतारापर्यंत नेऊन आणलीत. रस्ता म्हणजे तांबडी माती आणि खड्डे. तांब्यातलं पाणी सांडलं नाही असं मी म्हणणार नाही, पण आईच्या लुगड्यावर चार थेंब पडले असतील. परत आल्यावर दार उघडून वाकून मला विचारलंत, "खंय दुखता गो बाय? वर की खाली?"

बाबा, कुठेच दुखत नव्हतं. अंथरुणावर पडून जेवढं दुखायचं तेवढंही नाही. त्या स्प्रिंगांवर मी होडीत निजल्यासारखी गेले आणि आले.

पण आदल्या दिवशी आईची मावसबहीण मला बघायला आली होती. तिने तिच्या गावातल्या एका बाईची हकीकत मीठमसाला लावून सांगितली होती. मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर, आत ढेकूण आणि किडे, खाजवायला हात पोचत नाही, केस कापून डोकं भुंडं करतात आणि सगळं उताणं पडून करायचं, परक्या माणसांसमोर. माझे केस कमरेच्या खाली होते. मी सतरा वर्षांची होते आणि मला पाय जाणं म्हणजे काय ते कळत नव्हतं. केस जाणं चांगलं कळत होतं. मी म्हटलं, "खूप दुखता, बाबानू. पयल्यापेक्षा जास्त."

आई म्हणाली, "अहो, पाणी सुदिक सांडूक नाय. पोरीक घेवन निघूया आता." तुम्ही तिच्यावरच उखडलात. "पाण्याक काय कळता? पाठ तिची आसा, पाण्याची न्हय." आणि कोट काढून पुन्हा गाडीखाली गेलात.

त्यानंतरचा जवळजवळ महिना मी मोजून खोटं बोलले. तुम्ही चकती उतरवून स्प्रिंग मऊ केलीत, मी म्हटलं आता हेलकावते आणि मणक्यात कळ जाते. तुम्ही पुन्हा दोन आटे वर चढवलेत, मी म्हटलं आता ठोके बसतात. तुम्ही माझ्या शब्दाला हिराच्या मापापेक्षा जास्त मानत होता. कुठल्या बाजूला आटे किती फिरवले हे पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायचात आणि मी काय म्हटलं तेही शेजारी, "दुखता", "थोडा दुखता", "डाव्या बाजूक दुखता". चकत्या दोनदा कणकवलीला गेल्या. आंब्याच्या लॉऱ्या तुम्ही परत पाठवल्यात. एका संध्याकाळी दाबून धरलेली स्प्रिंग निसटली आणि तुमच्या अंगठ्याचं नख उपटून गेली. चिंधी गुंडाळून तुम्ही हसत दाराशी आलात. "आता बघ, लोणी केलंय लोणी." त्या दिवशी माझ्या तोंडाशी खरं आलं होतं. तुमच्या चिंधीतून रक्त ठिपकत होतं आणि तुम्ही लहान मुलाने चित्र दाखवावं तसे माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "दुखता." तुम्ही खडू उचललात आणि भिंतीवर तेही लिहिलंत.

मग पाऊस लागला, वाटेतला ओढ्यावरचा साकव वाहून गेला, पलीकडे घाटात दरड पडली म्हणून कळलं. डॉक्टरांनी जे होईल म्हणून सांगितलं होतं ते श्रावणात झालं, आणि त्याला हिसकाही लागला नाही. एका सकाळी आईने पायांवर गरम पाणी ओतलं आणि मला कळलं नाही. नवरात्रात रस्ता सुरू झाल्यावर तुम्ही मला त्याच मोटारीतून कोल्हापूरला नेलंत. वाटेत एकदाही विचारलं नाहीत कुठे दुखतंय ते. तिथल्या डॉक्टरांनी पाय तपासून सांगितलं की फार उशीर झाला, चार महिने आधी यायला हवं होतं. प्लास्टर घातलंच. केसही कापले. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्या परक्या माणसाला पुस्तकी मराठीत सांगत होता, "चूक माझी आहे, डॉक्टरसाहेब. मला स्प्रिंग जमली नाही."

हे वाक्य तुम्ही पुढे किती जणांना सांगितलंत! बाजारात, देवळात, माझी चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाला. परत आल्यावर तुम्ही त्या स्प्रिंगा काढून खाडीत टाकल्यात आणि कमानीच्या कामाला पुन्हा हात लावला नाहीत. लॉरीवाला आला की म्हणायचात, "कणकवलीक जा. माका जमणा नाय." ज्याच्या हाताला तळेऱ्यापर्यंत तोड नव्हती, त्याने हे बोलायचं आणि मी पडवीत बसून ऐकायचं. मला रडू यायचं, खोटं नाही सांगत. पण रडू आलं म्हणून तोंड उघडलं असं झालं नाही.

उलट मी त्यात रुळले. तुम्ही माझ्या खिडकीच्या गजांना लॉरीचा आरसा बसवलात, पडल्या पडल्या मला रस्ता दिसावा म्हणून. बाजारातून आणलेल्या मासळीतला पहिला सरंगा माझ्या ताटात. अबोलीचा वळेसर रोज, कापलेले केस खांद्यापर्यंत आले तेव्हापासून. आणि चारचौघांत झापणारे तुम्ही, मला मरेपर्यंत एक उणा शब्द बोलला नाहीत. मी आईला टाकून बोलायची, धाकट्याला रडवायची, ताट भिरकावायची, तरी नाही. तुमचा दोष होता ना. त्या दोषावर मी अकरा वर्षं अगदी सुखात राहिले, बाबा.

शेवटच्या आजारात एके दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. धाकट्याने खुर्ची खाटेला लावून दिली आणि तो बाहेर गेला. तुमचा आवाज बसला होता. "खरां सांग गो बाय. त्यो स्प्रिंगा कडक होत्यो, काय मऊ? माका अजून कळाक नाय." अकरा वर्षं तुम्ही तेच हिशेब मनात फिरवत होता, इकडे दोन आटे, तिकडे दोन आटे. तेव्हा सांगता आलं असतं. त्या चांगल्या होत्या, पहिल्याच दिवशी चांगल्या होत्या, एवढंच. तुम्ही एक कारागीर म्हणून तरी निवांत गेला असता. मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. "वायच कडक होत्यो, बाबानू." तुम्ही मान हलवलीत, कोडं सुटल्यासारखी, आणि डोळे मिटलेत.

आता बाहेर तुमचा नातू बापाला ती चकती दाखवतो आहे. धाकटा त्याला सांगतो आहे, मला इथे ऐकू येतंय, "असल्या कामाच्या नादी लागू नको. तुझ्या आजोबांच्या असल्याच एका चुकीने आत्येचे पाय गेले." साठीचा झाला, पण माझं अंथरूण अजून तोच घालतो, मला उचलून न्हाणीघरात तोच नेतो, बापाची चूक फेडल्यासारखा. हा कागद बाहेर नेऊन त्याच्या हातात द्यायला मला दोन मिनिटं पुरतील. पण मी तो सकाळी चुलीत घालणार आहे. त्याने हे वाचलं तर मला कोण उचलणार, बाबा?