मधल्या खिळीचा आवाज

प्रिय फोल्कमार,

काल तुझ्या इर्मगार्डचा फोन आला. शनिवारी तू हत्यारांची पेटी विकतोयस म्हणे, आणि ज्याला आम्हाला कधी हात लावू दिला नाहीस तो लांब दांड्याचा पानासुद्धा. ‘माझे कान गेले. आता चाकाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ,’ असं तिला सांगितलंस. ती रडली नाही, पण बोलताना दोनदा नाक ओढलं. मला असलं लगेच ऐकू येतं, तुला माहीतच आहे.

इकडे गॅरेजात सगळं ठीक. शर्यतीच्या रस्त्यावर हौशी लोकांच्या फेऱ्या सुरू झाल्यात, आणि दर शनिवारी दाराशी महागड्या गाड्यांची रांग लागते. तुझ्या जागी आलेला र्‍यूडिगर हाताचा बरा आहे, पण घाईचा. परवा म्हणतो, ‘चाकाला पाच बोल्टांऐवजी मधोमध एकच नट, म्हणजे कामसुद्धा एक पंचमांश!’ मी म्हटलं, ‘लक्ष मात्र पाचपट, शहाण्या.’ मग तुझीच शिकवणी घेतली. आट्यांना ग्रीस. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने पान्यावरचा काटा सहाशेवर जाईपर्यंत आवळायचं, जरा सैल करायचं, पुन्हा सहाशे. मग पाना काढायचा, रेडिओ बंद, आणि नटाच्या पोटातली खीळ ‘टक’ करून बाहेर आली का ते ऐकायचं. ऐकलं तरी बोटाने चाचपायचंच. ती खीळ बसली नसेल, तर एवढा आवळलेला नटही फिरून सुटायला मोकळा. हे सांगताना मला घाम फुटला होता. र्‍यूडिगरला वाटलं, वयामुळे.

ऑक्टोबरातला तो कोलोनचा दाताचा डॉक्टर आठवतो ना? पुढचं डावं चाक तू आवळलंस, पाना काढलास आणि तसाच वाकून राहिलास. ‘गेरोल्ड, टक झालं नाही.’ डॉक्टर घड्याळ बघत होता. त्याची फेरीची वेळ चालली होती, आणि आदल्याच आठवड्यात त्याने मला सुनावलं होतं की पलीकडच्या गावात काम निम्म्या वेळात होतं. मी पुढे झालो, चाकाचं झाकण दाबून बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, ‘झालं रे, मी ऐकलं! जरा कान साफ करत जा, म्हाताऱ्या!’ डॉक्टर खो खो हसला. तूही हसलास. सोमवारपासून मात्र प्रत्येक चाक तू तीन-तीनदा तपासायला लागलास, आणि नाताळच्या आधी ‘आता पुरे’ म्हणून गॅरेजची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेलास. मी तुला केक खाऊ घातला, पाठीवर थाप मारली आणि मूग गिळून बसलो.

आता खरं सांगतो. आवाज आला नव्हता, आणि तो आला नाही हे मलाही कळलं होतं. गाडी फाटकाबाहेर पडली. तू हात धुवायला गेलास, तेवढ्यात पाना व्हॅनमध्ये टाकून मी त्याच्या मागे सुटलो. नशीब, तो पेट्रोलपंपावर थांबला होता. ‘आमच्याकडे शेवटची तपासणी अशी रस्त्यात गाठून करतात,’ असं ठोकून दिलं आणि झाकण काढलं. खीळ आतच होती. त्यालाच ब्रेकवर बसवून नट केसभर पुढे घेतला, तेव्हा कुठे टक झालं. डॉक्टर इतका खूश झाला की त्याने चार मित्रांना माझ्याकडे धाडलं. त्यांची कामं मी केली, आणि तुझे कान गेल्याची गोष्ट गावभर फिरू दिली. आज सकाळी र्‍यूडिगरसकट सगळ्यांना उभं करून हे सांगितलं. डॉक्टरलाही कळवलंय; त्याचा निरोप अजून नाही. तू परत ये म्हणायला मला तोंड नाही. पेटी विकायची असेल तर खुशाल विक. पण कान गेले म्हणून विकू नकोस.

तुझाच,
गेरोल्ड