स्मरणिकेसाठी क्लबची माहिती

ग्वेल्फ, ओंटारिओ
८ मार्च २०२५

प्रिय रवींद्रभावोजी,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र येऊन महिना होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सुरुचीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. जिना चढायची घाई करू नकोस म्हणावं तिला. इथे थंडी अजून हटलेली नाही. ईशानी शनिवारी किचनरहून येते, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसते, ग्रोसरी भरून जाते. मी ठीक आहे.

तुमच्या दादांच्या कॉलेजच्या स्मरणिकेसाठी तुम्ही क्लबची माहिती मागितलीत. क्लबचा इतिहास, क्लबचं यश आणि त्यातला दादांचा वाटा, असं तुम्ही लिहिलंय. मी लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासले आणि रिपोर्ट लिहिले, त्यापलीकडे लेखन केलेलं नाही. जसं जमेल तसं लिहिते. तुम्ही नीट करून घ्या.

आमचा कर्लिंग क्लब शंभर वर्षांचा आहे. आमच्या गावाबाहेर पूर्वी गिरणीचं तळं होतं. ते गोठलं की स्कॉटलंडहून आलेले शेतकरी त्यावर कर्लिंग खेळायचे. हा खेळ तुम्ही इथे आला होतात तेव्हा पाहिलाच आहे. बर्फावरून ग्रॅनाइटचा जड दगड सरकवायचा आणि तो पलीकडच्या वर्तुळात थांबवायचा. तो जास्त लांब जावा म्हणून दोघं जण त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत पळतात. सुरुची तेव्हा म्हणाली होती, "दादांनी घरात कधी झाडू हातात धरला नाही, आणि इथे पैसे भरून मारतात होय!" हे किती तरी वर्षं ते क्लबमध्ये सगळ्यांना सांगत होते.

तळ्यानंतर लाकडी शेड झाली. ती युद्धाच्या काळात जळली. गावाने वर्गणी काढून आजची इमारत बांधली. बायकांना बरीच वर्षं फक्त सँडविच करायला आत घेत. मग त्याच बायकांच्या टीमने एकाहत्तर साली प्रांताची स्पर्धा जिंकली. तो झेंडा अजून भिंतीवर आहे. पुरुषांना असा झेंडा मिळायला पुढे वीस वर्षं लागली. ही सगळी माहिती यांचा मित्र कीथ याची. कीथ शाळेत इतिहास शिकवायचा. पार्टीत कुणी नवीन माणूस भेटला की त्याला तो तळ्यापासून सुरुवात करून सांगायचा, आणि त्याची बायको लोरेन मागून म्हणायची, "कीथ, ही जस्ट वाँटेड द वॉशरूम."

यांना क्लबमध्ये कीथनेच नेलं. पहिल्या दिवशी हे बर्फावर सपशेल पडले. कीथ म्हणाला, "सनी, दगड सोडायचा असतो, त्याच्याबरोबर जायचं नसतं." सूर्यकांत म्हणता येईना म्हणून सनी. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही चौघं खेळायचो. मी कधीच चांगली खेळले नाही. हे मात्र खेळात आणि बर्फात दोन्हीत मुरले. डेअरीत त्यांनी आयुष्यभर रेफ्रिजरेशनच केलेलं. निवृत्त झाल्यावर क्लबच्या बर्फाचं सगळं त्यांच्याकडे आलं. कीथ हाताखाली. आसपासच्या गावांत आमच्यासारखा बर्फ कुठेच नाही, असं लोक म्हणायचे. क्लबच्या यशात यांचा वाटा कोणता, तर हा. हे छापायला हरकत नाही.

या खेळात एक रीत आहे. तीही लिहिते. चालत्या दगडाला कुणाचा झाडू किंवा पाय लागला तर तो दगड बाद. पण ते हात वर करून सांगायचं ज्याचा लागला त्याने. दुसऱ्याने पाहिलं असलं तरी बोलायचं नाही. आपला साथीदार असो की समोरचा. यांनी एकदा मोठ्या सामन्यात असाच हात वर केला होता. कुणीच पाहिलं नव्हतं. सामना गेला. तुम्हाला त्यांनी ते फोनवर सांगितलं होतं आणि तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "दादा, तू अगदी आपल्या बाबांवर गेलास."

इथवर लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं.

भावोजी, बर्फ धरून राहावा म्हणून जमिनीखालून मिठाचं थंड पाणी फिरवतात. ते पाणी गार करणारं यंत्र अमोनियावर चालतं. मागच्या एप्रिलमध्ये त्या मिठाच्या पाण्यात अमोनिया सापडला. म्हणजे यंत्रात आतल्या आत कुठेतरी भोक पडलेलं. तपासणाऱ्यांनी यंत्र बदला म्हणून सांगितलं. नवं यंत्र वेळेत येईल याची खात्री नव्हती आणि शताब्दीची स्पर्धा नोव्हेंबरात होती. कमिटीत कीथ म्हणाला, मला यातलं कळत नाही, पण मला हे आवडत नाही. मग सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "पिनहोल आहे. डेअरीत याहून वाईट यंत्रं मी चालवलीत. एक सीझन निघेल." कमिटीने ते मान्य केलं. इंजिनियर हेच होते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मला हे सगळं सांगून म्हणाले, "कीथ म्हातारा झाला आता."

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत यंत्र बंदच होतं. बदलायला वेळ होता. निदान स्पर्धा पुढे ढकलायला तरी होता.

दसऱ्याच्या आठवड्यात यंत्र चालू केलं. पुढचं पेपरात आलं ते तुम्ही वाचलंत. कीथ यंत्राच्या खोलीत होता. हे बाहेर पार्किंगमध्ये होते. अमोनिया सुटल्याचा भोंगा वाजला तसे हे आत धावले, तोंडाला काहीही न लावता. हा वायू काय करतो ते तिथे यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दोघंही दाराजवळ सापडले. यांचा हात कीथच्या कोटाच्या कॉलरमध्ये होता.

सगळे हेच सांगतात. तो हात. तुम्हीही तेच लिहिलंत, मित्रासाठी जीव दिला म्हणून. खोटं नाही ते. पण मी तो हात आठवला की लगेच मला नाश्त्याचं टेबल आठवतं. एक धरून दुसरं सोडता येत नाही.

कीथ गेल्यानंतर लोरेन दर गुरुवारी माझ्याकडे यायला लागली. खेळायचा दिवस म्हणून गुरुवार. बनाना ब्रेड आणायची, मी आल्याचा चहा करायची. "मँडी, तुझ्या चहानंतर बाहेरची कॉफी गढूळ पाणी वाटते." मला ती मँडी म्हणते. नातवंडं, विंटर टायर्स, तिचं बेसमेंट, असं काहीबाही बोलायचो. यंत्राचा विषय तिने एकदाही काढला नाही. मला वाटायचं तिला माहीत नाही. कीथ बोलला नसेल. ती उठून गेली की मला सुटल्यासारखं वाटायचं, तरी पुढच्या गुरुवारी मी तिची वाट पाहायची. दुसरं कुणी येत नव्हतं.

फेब्रुवारीत क्लबचे प्रेसिडेंट डग आले. क्लबमध्ये नवं यंत्र बसवलंय. त्या खोलीच्या दारावर पितळी पाटी लावणार, तिचा मजकूर दाखवायला आणला होता. वर यांचं नाव, 'मित्रासाठी जो आत गेला.' खाली लहान अक्षरांत कीथ. ईशानी म्हणाली, "आई, इट्स ब्युटिफुल. जस्ट से येस." मी म्हटलं, विचार करते. डग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. मग टोपी घालून गेले.

त्या गुरुवारी लोरेन आली. चहा ओतायच्या आधीच मी तिला सांगितलं. पाटी, एप्रिल, पिनहोल, सगळं. नाश्त्याला हे कीथबद्दल काय म्हणाले तेही. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. कीथ मीटिंगहून आला तो चिडूनच आला होता. त्या खोलीत दहा माणसं होती, मँडी. सगळ्यांना ठाऊक आहे."

मी विचारलं, "मग कुणी बोललं का नाही?"

"इट वॉझन्ट अवर्स टू कॉल."

मी म्हटलं, "ज्याने सांगायचं तो तर गेला."

ती म्हणाली, "हो. म्हणून मी तुझ्याकडे येत होते."

भावोजी, तिचा आवाज चढला नाही. "थँक यू," म्हणाली. कोट घातला. दारात बूट चढवताना तोल गेला तर मी हात दिला, तो तिने धरला नाही, भिंत धरली. त्यानंतरच्या गुरुवारी ती आली नाही. परवाच्या गुरुवारीही नाही. मी चहा केला आणि ओतून दिला. आता ती येणार नाही. तिला जे आमच्या तोंडून ऐकायचं होतं ते मिळालं, आणि मिळाल्यावर माझ्यासमोर बसणं तिला शक्य नाही. मला तिचा राग येत नाही. यांचाही धड येत नाही. सकाळी उठून कशासाठी उठले तेच समजत नाही.

डगना मी फोन करून सांगितलं, पाटीवर कीथचं नाव एकटंच घाला. ते म्हणाले, "आर यू शुअर?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ईशानी तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. तिचे बाबा होते ते.

यांनी स्वतः हात वर केला असता का? मी स्वतःला सांगते की केला असता, थोडा वेळ मिळायला हवा होता. पण सहा महिने मिळाले होते. मला खरंच माहीत नाही. पन्नास वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नाही.

स्मरणिकेचं तुम्ही ठरवा. हे कीथसाठी आत गेले, ते जरूर लिहा. पण कीथ कुणाच्या शब्दावर आत होता, तेही त्याच पानावर लिहा. पहिलं एकटं छापणार असाल तर त्यांचं नावही छापू नका. तुम्हाला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. मोठ्या भावाबद्दल असं पत्र, आणि तेही घरच्या माणसाकडून. तुम्हीही लिहिणं थांबवलंत तर मी समजून घेईन.

सुरुचीला जपा.

तुमच्या दादांची बायको, आणि तुम्ही म्हणाल तोवर तुमची वहिनी,
मंदाकिनी