लाल पेन्सिलीची खूण

ता. ४ जून
प्रसूती विभाग, दुपार

चि. ढब्यास,

ताईचा आशीर्वाद. मोठ्या बहिणीने लिहायचा असतो म्हणून लिहिला. बाकी आज मनात आशीर्वाद वगैरे काही नाही.

सकाळी ड्यूटीवर आले तर सूचनाफलकाभोवती सगळ्या सिस्टर उभ्या. मला पाहून बाजूला झाल्या. चष्मा लावून वाचलं. कमी वापरामुळे प्रसूती विभाग तीस जूनपासून बंद करण्यात येत आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. खाली कंपनीचा शिक्का आणि शिक्क्यावर तुझी सही. शेवटच्या अक्षराची ती लांबलचक शेपटी, चौथीत मी कान पिळूनही सुटली नव्हती, तीच. त्याखाली तुझं नवं पद: वरिष्ठ उपाध्यक्ष, जनसंपर्क.

संबंधित म्हणजे कोण रे? परवा नाक्यावरच्या शिंपिणीची सून आली. मूल आडवं होतं. रिक्षातून उतरवून टेबलावर घ्यायला आम्हाला चार मिनिटं लागली आणि दोघंही वाचली. तीस तारखेनंतर तिला मोठ्या इस्पितळात जावं लागलं असतं, दीड तास. त्या दीड तासात काय होतं ते मी तुला सांगायला हवं का? आपली आई त्याच रस्त्यावर गेली. तू सहा वर्षांचा होतास, मी चौदाची. पहिल्या निवडणुकीत तू प्रत्येक सभेत हेच सांगितलंस आणि लोकांनी डोळे पुसत तुला मतं दिली. आरोग्यमंत्री झालास आणि दुसऱ्याच वर्षी हा विभाग उभा केलास. तेव्हा मी सगळ्या गावात मिरवत होते. तुझी स्वतःची लेक इथेच खिडकीजवळच्या खाटेवर झाली. बाहेर बाकावर मंत्रीसाहेब नखं खात बसले होते, आयाबाई अजून नक्कल करून दाखवते.

निवडणूक हरलास आणि दोन महिन्यांत, ज्या कंपनीला हे रुग्णालय चालवायला दिलं तिच्यातच जाऊन बसलास. लोक वाटेल ते बोलले. मी त्यांच्याशी भांडले, की माणसाला काहीतरी काम करावंच लागतं. आता मी कोणाशी भांडू?

ती सूचना मागे घे. लोभ आहे, पण आज तो लिहवत नाही.

तुझी,
ताई


ता. ९ जून
कार्यालय, सातवा मजला

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे सगळ्यांसमोर फोडलं ही माझी चूक. मीटिंगच्या खोलीला काचेच्या भिंती आहेत, त्यामुळे माझा चेहरा कसा झाला ते अख्ख्या मजल्याने पाहिलं.

ताई, तू अजून मला चौथीतला समजतेस. इथे दार उघडायला गळ्यातलं कार्ड लागतं, पण उघडल्यावर माणसं माझं ऐकतात. मंत्रालयात दिवसाला दोनशे माणसं भेटायची आणि एकाचंही काम धड व्हायचं नाही. इथे बारा रुग्णालयं नीट चालतात. सूचनेवर सही माझी असली तरी निर्णय माझा नाही. करारातच आहे की महिन्याला साठांपेक्षा कमी बाळंतपणं झाली तर विभाग बंद करता येईल. तुमच्याकडे सहा महिने पन्नाशीच्या आसपासच आहेत.

आणि रागावू नकोस, पण हा करार तू पाहिलेला आहेस. मी मंत्री असताना दर रविवारी फायलींची बॅग घेऊन तुझ्याकडे यायचो, तू वाचून कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचीस आणि मी सोमवारी डोळे मिटून सही करायचो. शाळेतल्या गृहपाठापासून आपली हीच रीत. एकोणिसाव्या पानाची छायाप्रत सोबत आहे. कोपरा बघ. मग मला एकट्यालाच का झोडपतेस?

तुझ्या भाचीची परीक्षा छान झाली. तब्येतीला जप. तुझा राग गेला की माया पुन्हा पूर्वीसारखी चालू ठेव, एवढंच मागतो.

तुझा,
ढब्या


ता. १३ जून

चि. ढब्यास,

आशीर्वाद.

पाहिला कोपरा. खूण माझीच आहे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आज लिहायला बसले आहे ते आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊन.

तो रविवार मला लख्ख आठवतो. मी सलग दोन ड्यूट्या करून आले होते. तू दारातच म्हणालास की ही जाडी फाईल इमारतीच्या दुरुस्तीची आहे, पीएने सगळं तपासलंय, तू नुसत्या खुणा कर. मी पाय गरम पाण्यात सोडून बसले आणि चाळीस पानांवर चाळीस खुणा ओढल्या. एक ओळ वाचली नाही. तू म्हणालास म्हणून मी वाचलं नाही आणि मी खूण केली म्हणून तू वाचलं नाहीस. सरकारी कागद असे घरी आणायचे नसतात हेही मला कळत होतं. पण मंत्र्याची बहीण म्हणून माझ्याही डोक्यात हवा होती, ते कबूल करते.

आता तू माझं ऐक. बाळंतपणं कमी का झाली, विचारलंस कधी? कंपनीने जानेवारीत रुग्णवाहिका काढून घेतली. वस्त्यांवरच्या बायका येणार कशा, उडत? आधी येण्याची सोय बंद करायची, मग कोणी येत नाही म्हणून विभाग बंद करायचा, आणि वर सही कोणाची, तर ज्याने तो बांधला त्याची. तुला ते हुशार म्हणून घेऊन गेले असं तुला वाटतं. अरे, तुझी सही पाहून इथले लोक गप्प बसतील म्हणून नेलंय तुला! विचार तुझ्या साहेबाला, तुझं तिथे काम काय म्हणून.

बावीस तारखेला इथे गावातच सरकारी चौकशी समितीपुढे सुनावणी आहे. विभाग ठेवायचा की नाही ते तिथे ठरेल. मी जाऊन सांगणार आहे की त्या पानावर खूण करणारीने आणि सही करणाऱ्याने, दोघांनीही ते वाचलेलं नव्हतं. नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. घालवतील तर घालवू देत. तूही यायचंस.

ताई


ता. १७ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

कृपा करून असलं काही करू नकोस. तू नोकरीतून जाशील आणि मी पेपरात येईन. मंत्री आपली कामं बहिणीकडून करून घ्यायचा, ही बातमी कोण सोडेल?

तू म्हणालीस म्हणून मी साहेबांना सहज विचारलं. ते हसले. म्हणाले की तुमच्या भागात जाणाऱ्या पत्रांवर तुमची सही असली की बरं पडतं. मी पण हसलो. खोटं कशाला लिहू, मग खाली गाडीत जाऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तरीही वाट निघेल. कंपनीच्या वकिलांनी माझ्या नावाने एक निवेदन तयार केलंय. त्यात आपण दोघं सांभाळले जाऊ असं ते म्हणतात. मला वाचायला सवड झाली नाही, वरवर चाळलंय. सोबत पाठवतो. नेहमीसारखी नजर घालून खूण करून दे, म्हणजे सही करून मोकळा होतो.

तुझा,
ढब्या


ता. १९ जून

ढब्या,

निवेदन परत पाठवते आहे. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली. खूण केलेली नाही. दुसऱ्या पानावरचा चौथा परिच्छेद उघड आणि मोठ्याने वाच, त्या काचेच्या खोलीत वाच. त्यात लिहिलंय की प्रसूती विभागाच्या हेडसिस्टरने कराराचं पान न् पान तपासून विभाग बंद करण्याच्या अटीला संमती दिली होती.

म्हणजे आईच्या त्या रस्त्यावर पुन्हा बायका जातील, त्या माझ्या संमतीने. आणि तू हे सही करायला निघाला होतास, कारण तुला सवड नव्हती! आमदार झालास, मंत्री झालास, उपाध्यक्ष झालास, पण बापजन्मी एक कागद वाचला नाहीस. तो दोष माझा. तुझी पाटी मी तपासत राहिले आणि तू पन्नाशीला आलास.

माझं निवेदन सोबत आहे, एकच पान. त्यावर माझी सही आहे. खाली जागा सोडली आहे. पटलं तर सही कर, नाहीतर फाडून टाक. पण वाचल्याशिवाय करशील तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

ताई


ता. २१ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

चौथा परिच्छेद मोठ्याने वाचला. वकील समोरच होते. त्यांना काय म्हणालो ते तुला लिहिण्यासारखं नाही. गळ्यातलं कार्ड त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो.

तुझं निवेदन चार वेळा वाचलं. त्यात दोन चुका आहेत. तू लिहिलंस की रुग्णवाहिका जानेवारीत काढली. मी इथल्या जुन्या फायली सांभाळणाऱ्या शिपायाला शोधून तो हुकमाचा कागद पाहिला, ती डिसेंबरच्या वीस तारखेला काढली. तारीख दुरुस्त केली आहे.

दुसरी चूक तू मुद्दाम केलीस. पीएने दिशाभूल केल्यामुळे माझ्या भावाकडून सही झाली, असं तू लिहिलंस. एवढी माझ्यावर पेटलेली असतानाही माझा गृहपाठ तूच करून दिलास. ताई, मला कोणी फसवलं नाही. फाईल पूर्ण आठवडा माझ्या टेबलावर होती. मी ती उघडली नाही. ते वाक्य मी खोडलं आहे, बाजूला हे लिहिलं आहे, आणि मग सही केली आहे.

हे पत्र आणि निवेदन आजच्याच एसटीच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे रात्री तुला मिळेल. उद्या दहाला समितीच्या दाराशी उभा राहीन. कंपनीची गाडी नाही, एसटीने येतो. त्याच रस्त्याने, दीड तास.

तुझा,
ढब्या

ता. क. कोपऱ्यात लाल खूण मी केली आहे. तू मात्र ती पाहून विश्वास ठेवू नकोस, सगळं पुन्हा वाच.